मसाई पठारावरून सायकल खाली कशी आणावी

कोल्हापुरात गिअरची सायकल घेतली की पहिल्या आठवड्यात तीन जण तरी सांगतात, "उताराला पुढचा ब्रेक धरायचा न्हाई भावा, थोबाडावर आपटशील." त्यातले दोघे सायकलवरून शिवाजी पुलापलीकडे कधी गेलेले नसतात. मी हा सल्ला दोन वर्षं इमानेइतबारे पाळला आणि त्या दोन वर्षांत जेवढा पडलो तेवढा नंतर कधीच पडलो नाही. म्हणून हा लेख मुख्यतः उताराबद्दल आहे. चढ पायांना आपोआप शिकवतो.

आधी वाट. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, पन्हाळा. साधारण २० किलोमीटर, सगळं डांबरी. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि पन्हाळा साडेनऊशेच्या पुढे. या चारशे मीटरांतला खरा चढ वाघबीळपासून लागतो, तिथपर्यंत दम राखून या. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला म्हाळुंगे, तिथून वर मसाई पठार. जोतिबाचा डोंगरही चांगला आहे, पण तो रस्त्यावरचा घाम. शिवाय चैत्र यात्रेच्या दिवसांत तिकडे फिरकू नका. गुलालाची पूड डांबरावर साचली आणि त्यावर थोडं पाणी पडलं की चाक कसं सुटतं ते एकदा पाहिलं, पुरे झालं. दाजीपूरचं नाव काढू नका, ते अभयारण्य आहे, तिथे वाट गव्यांची.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि पहाटे निघायचं. याच महिन्यांत उसाचा हंगाम असतो, आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसते ती अगदी हँडलापाशी आल्यावर. मागे-पुढे दिवे लावा. एप्रिल-मेमध्ये पठारावर सावलीला झाड शोधावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, धुकं इतकं उतरतं की आपण कुठल्या कडेला आहोत ते कळत नाही, आणि जुलैत पावनखिंडीच्या मोहिमांची माणसं याच वाटेनं चाललेली असतात. सिद्दी जौहरचा वेढा फोडून १६६० च्या आषाढात महाराज याच अंगानं विशाळगडाकडे गेले. त्या रात्रीचा चिखल डोळ्यांसमोर आणला तर डिस्क ब्रेक असूनही तक्रार करायची लाज वाटते. पावसाळा संपता संपता पठारावर फुलं येतात, तेव्हा मळलेली वाट सोडू नका. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, त्यावर चाक फिरलं की फूल गेलं आणि मातीही गेली.

सायकल कुठली? पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. एवढं बास. पंक्चरचं सामान, पंप आणि दोन लिटर पाणी घ्या, हे सांगायची गरज नसावी.

टायरमधल्या हवेबद्दल मात्र सांगतो. दुकानात हवा भरायला दिलीत की पोरगं दगडासारखं टायर करून देतं. डांबरावर ते चालतं. म्हाळुंग्यात थांबून हवा सोडा. माझं वजन ७२ किलो, टायर सव्वादोन इंची, आत ट्यूब. मी पुढे २६ आणि मागे ३० पीएसआय (पंपाच्या काट्यावर दिसतो तो हवेचा दाब) ठेवतो. त्याहून कमी केलं तर जांभ्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाच्या दाताला पडावीत तशी दोन भोकं पडतात.

वर चढताना गाडीवाटेनं जा किंवा पायवाटेनं सायकल ढकलत जा, लाज धरू नका. पण ढकलताना मान खाली घालून चालू नका. ही उतरायची वाट आहे. कुठे मुरूम सैल आहे, कुठे पावसानं ओघळ पाडलाय, कुठे जांभ्याची पायरी आहे, ते मनात ठेवत चला. पठार स्वतः सोपं आहे, तिथे मजा करा.

आता उतार.

मी तिसऱ्यांदा आलो होतो तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर, सकाळचे नऊ, आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. पठाराच्या कडेवरून वाट डावीकडे वळत खाली जाते, तिथे मी फक्त मागचा ब्रेक दाबून धरला. मागचं चाक जाम झालं. जाम झालेलं चाक थांबवत नाही, ते घसरतं. सायकल आधी उजवीकडे फाकली, मग आडवी झाली आणि मी कोपरावर दहाएक फूट गेलो. घरी जखम धुताना रक्त कुठलं आणि जांभ्याचं तांबडं पाणी कुठलं ते कळत नव्हतं. कोपरातली मुरमाची खर काढायला डॉक्टरांना अर्धा तास लागला. आणि तेव्हाही सोबतचा मित्र म्हणाला, "बरं झालं पुढचा दाबला नाहीस."

अरे, पुढचा दाबला नाही म्हणूनच पडलो!

कारण साधं आहे. उताराला सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होतं, जमिनीला नावापुरतं टेकलेलं असतं. हलक्या चाकाला ब्रेक लावून काय थांबणार? थांबवायची ताकद भार असलेल्या चाकात असते, म्हणजे पुढच्या. माणूस हँडलावरून उलटतो तो पुढच्या ब्रेकमुळे नव्हे. तो उलटतो सीटवर बसून, कोपरं ताठ ठेवून, घाबरून लिव्हर एकदम मुठीत आवळल्यामुळे. दोष बसण्यात आणि आवळण्यात आहे, आणि शिव्या ब्रेकला.

तर असं करा. उताराच्या तोंडाशी थांबा. सीट खाली घ्या, चांगली वीतभर. खाली घेण्याआधी सीटच्या दांड्यावर मूळ उंचीला इन्सुलेशन टेपचा वेढा मारून ठेवा. टायर आणि ब्रेक एकदा दाबून पाहा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींना तो डावीकडे असतो. मित्राची सायकल घेतली असेल तर हे सपाटीवरच बघून घ्या.

मग पायडलवर उभे राहा. दोन्ही पायडल आडवी, एका पातळीत. टाचा खाली, गुडघे आणि कोपरं सैल, छाती हँडलाकडे झुकलेली, कंबर सीटच्या थोडी मागे. थोडीच. "जेवढं मागं जाशील तेवढं सेफ" हाही एक आवडता सल्ला आहे. फार मागे गेलात की पुढच्या चाकावर भारच उरत नाही, वळणावर ते आपल्या मनानं जातं आणि तुम्ही हँडल धरून नुसते लोंबकळता.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असेल तर लिव्हरवर एकच बोट, तारेचा असेल तर दोन. बाकीची बोटं हँडलवर. दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावा, पण दाबायचे ते लिंबू पिळल्यासारखे, हळूहळू वाढवत. आणि कुठे दाबायचे हे कसं दाबायचे यापेक्षा मोठं आहे. कोरडा उघडा खडक, घट्ट माती, अशी जिथे पकड आहे तिथे वेग कमी करून घ्या. सैल मुरूम आला की बोटं ढिली सोडा आणि सायकलला जाऊ द्या. जांभ्याची पायरी असेल तर पायरीच्या आधी जवळजवळ चालण्याच्या वेगावर या, आणि पुढचं चाक खाली पडायच्या क्षणी पुढचा ब्रेक पूर्ण सोडा. पायरीखाली जाम झालेलं चाक टेकलं, तर मात्र तुम्ही खरंच थोबाडावर आपटाल. वळणाचंही तेच. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक नाही, बाहेरच्या बाजूचा पाय खाली.

हे वाचून जमत नाही. मी कळंब्याच्या पुढे कात्यायनीच्या डोंगराकडे एक मवाळ उतार धरून महिनाभर घासलं. फक्त पुढचा ब्रेक, तोही चालण्याच्या वेगात, चाक कुठे निसटायला लागतं ते बोटाला कळेपर्यंत. मसाईवर पहिला प्रयोग करू नका.

एक गोष्ट मला कुठल्याही सायकलवाल्यानं शिकवली नाही. पठारावर मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या धनगरानं मला दोनदा अडखळताना बघितलं आणि हाक मारली, "पावनं, चाकाकडं काय बगतासा? वाटंकडं बगा की!" तो आयुष्यभर त्या मुरमावरून अनवाणी उतरत होता. पुढच्या चाकासमोरच्या गोट्याकडे बघत राहिलात की सायकल नेमकी त्याच गोट्यावर जाते. नजर आठ-दहा पावलं पुढे, वळणाच्या पलीकडे ठेवा.

आणि जिथे शंका वाटेल तिथे उतरा, चालत जा. मी त्या डाव्या वळणाशी ओल्या दिवशी आजही उतरतो.

मागचं चाक जाम करून फरफटत खाली येणं हे तुमच्यासाठी धोक्याचं आहेच, वाटेसाठीही वाईट. त्या चरातून पुढच्या पावसात पाणी धावतं आणि वर्षभरात गुडघाभर ओघळ होतो. त्याच वाटेनं म्हाळुंग्याची म्हातारी माणसं चालतात.

खाली आल्यावर डिस्कला हात लावू नका, भाजेल. तिला तेलही लागू देऊ नका. एकदा सर्व्हिसिंगला दिलेली सायकल मला चेनबरोबर डिस्कवरही तेल मारून परत मिळाली होती, "आवाज येत होता म्हणून". ब्रेक धरत नाही हे वाघबीळच्या उताराला लागल्यावर कळलं. पॅड नवे घालावे लागले.

म्हाळुंग्यात हवा परत भरा आणि सीट टेपपर्यंत वर घ्या. मी एकदा विसरलो आणि केर्लीपर्यंत गुडघे हनुवटीला लावत आलो. रसवंतीवरच्या पोरानं विचारलं, "काका, धाकट्याची सायकल आणलीसा व्हय?"