लहान मुलांसाठी खेळाचा क्लब निवडताना सगळ्यात कच्च्या मुलाकडे बघा

क्लबच्या ऑफिसात शिरलं की समोर करंडकांचं कपाट असतं, आणि पालकांची नजर तिथेच जाते. चार ते नऊ वर्षांच्या मुलासाठी त्या कपाटाचा काही उपयोग नाही. ती बक्षिसं मोठ्या गटातल्यांनी मिळवलेली असतात, आणि त्यांतले किती जण दुसरीकडे तयार होऊन इथे आले, हे कपाट सांगत नाही. या वयासाठी क्लब जोखायचा तर बॅचमधल्या सगळ्यात कच्च्या, बुजऱ्या मुलाचा तिथला तास कसा जातो ते बघावं.

१. खेळावर फार अडून बसू नका

या वयात धावणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं, तोल सावरणं अंगात मुरायला हवं. ते फुटबॉलमधून मुरलं काय आणि जिम्नॅस्टिक्समधून काय, फारसा फरक पडत नाही. एकाच खेळाला वाहून घेण्याची घाई नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते बहुतेक खेळांत ते १५-१६ वर्षांपर्यंत लांबवणंच बरं, कारण तेच तेच स्नायू आणि सांधे वापरून होणाऱ्या दुखापती आणि खेळाचा उबग, दोन्ही त्यामुळे टळतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण खेळाला लावू नका. ‘याच्यात स्पार्क आहे, रोज पाठवा’ असं सहा वर्षांच्या मुलाबद्दल सांगणाऱ्या क्लबपासून जरा लांबच राहा.

पोहणं मात्र वेगळं. तो जिवाशी संबंधित प्रश्न आहे, आणि चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं शिकायला तयार होतात. अर्थात, पोहता आलं म्हणून पाण्याजवळ लक्ष ठेवणं थांबवायचं नाही.

२. अंतर मोजा

सरावापेक्षा प्रवासाला जास्त वेळ लागत असेल तर तो क्लब यादीतून काढा. कितीही चांगला असला तरी तुमचा उत्साह दोन महिन्यांत ओसरेल.

३. न सांगता जा आणि पूर्ण तास बसा

खरी निवड इथे होते. पालकांना बसून बघू देत नसतील तर पुढे विचारायचं काही उरत नाही. बसू दिलं, तर सगळ्या बॅचकडे बघत बसू नका. मागे रेंगाळणारं, चेंडू आला की बाजूला होणारं एक मूल हेरा आणि त्याच्यावरच नजर ठेवा. दहा मिनिटांत त्याच्या वाट्याला चेंडू किती वेळा आला? ते किती वेळ हललं आणि किती वेळ रांगेत उभं राहिलं?

रांग हा या वयाच्या प्रशिक्षणातला मोठा दोष आहे. वीस मुलं एका रांगेत, पुढे एक चेंडू, आणि कोच एकेकाची चूक सुधारतोय. बघायला शिस्तबद्ध वाटतं, पण प्रत्येक मूल तासातला बहुतेक वेळ नुसतं उभं असतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते. रांगेतल्या उभं राहण्याने त्यात काहीच भर पडत नाही. चांगला कोच मैदानाचे चार तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात चार-पाच मुलं, आणि जवळजवळ प्रत्येकाकडे साहित्य. गोंगाट होतो, धांदल दिसते. होऊ दे.

मग कोचचं बोलणं ऐका. लहान मुलांना एका वेळी एक सूचना पुरते. तो मुलांना नावाने हाक मारतो का? झेल सुटल्यावर काय म्हणतो? ‘बाद झालास, बाजूला बस’ अशा खेळांनी सराव भरला असेल तर गोची आहे: ज्याला सरावाची जास्त गरज आहे तेच मूल सगळ्यात आधी बाहेर बसतं. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावत असतील तर तिथूनच परत फिरा. धावणं ही शिक्षा आहे, एवढंच मूल त्यातून शिकतं.

४. साहित्याचं माप बघा

मोठ्यांचंच साहित्य मुलांच्या हाती देणाऱ्या क्लबने या वयाचा विचारच केलेला नसतो. मिनी बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर असते. टेनिसच्या सुरुवातीला दिला जाणारा लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो. फुटबॉलला सहा-सात वर्षांच्यांसाठी ३ नंबरचा, म्हणजे मोठ्यांच्यापेक्षा लहान चेंडू लागतो. हेडिंगबद्दलही (चेंडू डोक्याने मारणं) विचारा, कारण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांना ते बंदच केलं आहे.

५. सामन्यात कोण खेळतं?

थेट विचारा: सगळ्या मुलांना सामन्यात सारखा वेळ मिळतो का? ‘हो, पण महत्त्वाच्या सामन्यांत…’ असं उत्तर आलं तर ते नाहीच समजा. सात वर्षांच्या मुलांमधून ‘अ’ संघ निवडताना बहुतेकदा वयानेच मोठी मुलं निवडली जातात. एकाच गटात दहा-अकरा महिन्यांचा फरक असतो, आणि या वयात उंची-ताकदीत तो स्पष्ट दिसतो. लोक त्याला गुणवत्ता समजतात.

नॉर्वेत मूल ११ वर्षांचं होईपर्यंत स्पर्धांच्या गुणतालिका आणि क्रमवारी लावत नाहीत. त्याच देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली. एकामुळेच दुसरं घडलं असं म्हणता येणार नाही, पण तालिका नसल्या तर पोरं मागे पडतील, ही भीती तरी खरी नाही.

६. सुरक्षिततेचे प्रश्न विचारताना संकोच करू नका

मुलासोबत एकटा मोठा माणूस कधी असतो का? कपडे बदलायच्या जागी कोण जातं? कोचची पार्श्वभूमी तपासली आहे का? तक्रार करायची तर कोचखेरीज कोणाकडे? मुलांचे फोटो कुठे टाकले जातात? अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरला २०१८ मध्ये लैंगिक अत्याचारांसाठी शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून जास्त मुली आणि महिलांनी न्यायालयात आपली कहाणी सांगितली. नावाजलेल्या संस्थेतही हे वर्षानुवर्षं दडपलेलं राहू शकतं. त्यामुळे ‘आमच्याकडे सगळे घरचेच आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही. नीट चालवलेल्या क्लबला या प्रश्नांचा राग येत नाही.

प्रथमोपचार येणारा माणूस प्रत्येक सरावाला हजर असतो का, आणि डोक्याला मार लागला तर काय करतात, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं योग्य उत्तर एकच: शंका आली तरी मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवत नाहीत.

७. फी आणि वेळापत्रक

फीमध्ये काय नाही ते विचारा: गणवेश, साहित्य, स्पर्धांची प्रवेश फी, प्रवास. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या. आठवड्याच्या तासांसाठी एक ढोबळ नियम चालतो: मुलाचं वय जितकं, त्यापेक्षा जास्त तास नकोत. आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच.

८. वर्षभराची फी भरण्याआधी काही आठवडे पाठवा

पहिल्या दिवशी मूल रडलं तर त्यावर निर्णय घेऊ नका, उड्या मारत आलं तरी घेऊ नका. घरी आल्यावर ‘जिंकलास का?’ याऐवजी ‘आज कोणासोबत खेळलास?’ असं विचारा. दोन-तीन आठवड्यांनीही एकाही भिडूचं नाव येत नसेल, तर पुन्हा एकदा बाकावर जाऊन बसा. अडचण खेळाची आहे, बॅचची आहे की कोचची, हे तिथे कळेल. बॅच बदलून भागत असेल तर क्लब सोडायची गरज नाही. सोडायचाच झाला तर मुलाला सोबत घेऊन कोचना भेटून सांगा. निरोप परस्पर पाठवू नका, पुढच्या वर्षी मुलाला तिथेच परत यावंसं वाटू शकतं.