सणासुदीत स्वतःशी वागताना आई-बाबांनी या चुका टाळाव्यात

पाहुणे यायला अर्धा तास उरला होता. धाकटीने नव्या कपड्यांवर रंगाची बाटली सांडली आणि माझा आवाज चढला, इतका की ती ओला ब्रश हातात घट्ट धरून भिंतीला चिकटून उभी राहिली. कपडे दहा मिनिटांत बदलून झाले. माझ्या डोक्यातलं ‘कसली आई तू!’ मात्र रात्री दिवे मालवेपर्यंत थांबलं नाही.

सणाच्या दिवसांत झोप अपुरी, खर्च जास्त, घर माणसांनी भरलेलं आणि मुलांच्या झोपेजेवणाचा ताळमेळ बिघडलेला असतो. चिडचिड होते. चुका होतात त्या बहुतेक त्यानंतर.

स्वतःला झोडपलं की सुधारणा होते, असं मानणं

ही चूक सगळ्यात खोल रुजलेली आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड परीक्षा दिली. अपयशानंतर ज्यांना स्वतःकडे मायेनं बघायला सुचवलं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. माया मिळाली म्हणून ते ढिले पडले नाहीत. घरातही तेच दिसतं. अपराधीपणाने पोखरलेले आई-बाबा आधी भरपाई म्हणून मुलाचे नको ते हट्ट पुरवतात आणि मग त्याच हट्टांवर पुन्हा ओरडतात.

‘दमले होते ना’ म्हणून विषय मिटवणं

दमणं खरंच असतं, पण मुलाला बसलेला धक्काही खरा असतो. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांचं निरीक्षण करून दाखवलं, की चांगल्या नात्यातही सूर वारंवार चुकतो. महत्त्वाचं असतं ते पुन्हा जुळवून घेणं. म्हणून मुलाच्या उंचीला बसून थोडक्यात सांगा: ‘मी ओरडले. तू घाबरलीस. चुकलं माझं.’ इथेच थांबा. ‘मी वाईट आई आहे ना गं?’ असं विचारत रडू नका. मग समजूत काढायचं काम त्या लेकरावर पडतं. मी धाकटीला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘डाग निघाला का?’

निवांत वेळ मिळेल तेव्हा बघू म्हणणं

स्वतःकडे मायेनं बघायला तसा वेळ सणात मिळत नाही, आणि लागतही नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली आत्मकरुणेची, म्हणजे स्वतःशी मायेनं वागण्याची, जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: जे होतंय ते न फुगवता ओळखणं, असं आपल्या एकट्याचंच होत नाही हे आठवणं आणि स्वतःशी मऊ बोलणं. हे ओट्यापाशी उभ्याउभ्या होतं: ‘आत्ता जड जातंय. असं घरोघरी होतं. आता एक काम कमी करते.’

शब्द खोटे वाटले तर ते सोडून द्या. छातीवर हात ठेवून दोन-तीन सावकाश श्वास घ्या. किंवा हीच गोष्ट जवळच्या मैत्रिणीने सांगितली असती तर तिला काय म्हटलं असतं, ते स्वतःला म्हणा. सुरुवातीला रडू आलं तर घाबरू नका, खूप दिवस आवळून धरलेलं सैल होतं तेव्हा येतं.

दुसऱ्यांच्या फोटोंशी आपलं घर ताडून बघणं

फोटो काढण्याआधी त्या घरात काय झालं, ते आपल्याला दिसत नाही. सणाचे चार दिवस फोन लांब ठेवा. नातेवाइकांच्या टोमण्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. ‘बघते’ म्हणून उठून गेलात तरी चालतं.

मात्र हात उगारला जात असेल, किंवा सण सरून दोन आठवडे झाले तरी मन उठत नसेल, झोप लागत नसेल, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. जाताना जोडीदाराला किंवा बहिणीला सोबत न्या.