सोन्याचा हात आणि दोन प्रतींतला अर्ज

पतसंस्थेत 19 वर्षं मी कर्जाच्या फायली सांभाळतेय. वैद्यकातलं मला फारसं कळत नाही, पण कागद कळतो. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात बाळाला इजा झाली, तेव्हा तेवढंच कामी आलं.

सोन्या 4 किलो 100 ग्रॅमचा. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. दुसऱ्या दिवशी मी झबलं घालायला गेले तर उजवा हात चिंधीसारखा लोंबत होता, तळवा मागे वळलेला. सिस्टर म्हणाल्या, ‘अवघडलाय, मालिश करा.’ असं बाळ मालिशवालीच्या हातात मुळीच देऊ नका. मानेजवळून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या की असं होतं. डॉक्टर त्याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. बरीच बाळं काही महिन्यांत आपोआप सुधारतात. पण तीन महिन्यांनीही कोपर वाकत नसेल, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना दाखवायला उशीर करू नका. कोर्ट नंतर, हात आधी.

त्याच आठवड्यात कागद मागा. आम्ही नुसतं ‘फाइल द्या’ म्हटलं, तर डिस्चार्ज कार्ड हातात ठेवलं. मग मी बहिणीच्या सहीनं अर्ज लिहिला, एकेक नाव घालून: इनडोअर केस पेपर, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकली त्याचा तक्ता), बाळाच्या ठोक्यांचा आलेख, प्रसूतीची नोंद, अपगार गुण (जन्मताच बाळाची तब्येत तपासून दिलेले), सिस्टरच्या नोंदी, संमतीपत्र, बिलं. अर्ज दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘पोच कशाला मॅडम?’ मी म्हटलं, सवय आहे. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि तीनच वर्षं जपून ठेवण्याचं बंधन आहे. ठोक्यांचा आलेख बहुतेक वेळा थर्मल कागदावर असतो, तो फिका पडत जातो. मिळाला की लगेच झेरॉक्स काढा. सरकारी दवाखाना असेल तर माहितीच्या अधिकारातही अर्ज टाकता येतो.

त्या रात्रीच बहिणीला जे आठवत होतं ते वहीत उतरवून घेतलं. कोण होतं, किती वाजता, कोण काय बोललं. तिला पक्कं आठवत होतं, खांदा अडकल्यावर कुणीतरी पोटावर वरून जोरात दाबलं. आम्हाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी वही वाचली आणि तिथेच थांबले: अडकलेल्या खांद्याला असा दाब द्यायचा नसतो. मात्र त्यांनी हेही बजावलं की इजा झाली म्हणजे चूक झालीच, असं नव्हे. खांदा अचानकही अडकतो. सोनोग्राफीत वजन जास्त दिसलं होतं का, आईला मधुमेह होता का, अडकल्यावर काय केलं, याची उत्तरं नोंदीत शोधायची.

बहिणीचा नवरा चार पोरं घेऊन दवाखान्यात निघाला होता. मी दारात आडवी झाले. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्यानं डॉक्टरांवर हल्ला, तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आपलीच केस मातीत जाते. पोलिसांत फौजदारी तक्रार करता येते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो.

आमच्यासारख्यांचा रस्ता म्हणजे ग्राहक आयोग. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात आणले, आणि 1998 च्या एका निकालात बाळासोबत आईवडीलही ग्राहक ठरले. इजा झाल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करा. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. बिल 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क शून्य. इथे भरलेलं बिल मोजतात, मागितलेली भरपाई नाही. हे आम्हाला वकिलांनी दोनदा समजावलं. आता ई-जागृती पोर्टलवर घरूनही दाखल होते. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारा सरकारी दवाखाना मात्र यात बसत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार होते, पण पैसे तिथून मिळत नाहीत.

वकिलाच्या फीची बहिणीला धास्ती होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, आणि स्त्रिया व मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मोफत म्हणजे फक्त गरिबांसाठी असं समजून आम्ही चार महिने घालवले.

तक्रार विसाव्या महिन्यात दाखल झाली. समोरच्यांना म्हणणं मांडायला 30 दिवस, वर फार तर 15. पुढे तारखा पडतायत. सोन्याचा हात आता कानापर्यंत जातो, डोक्यावर जात नाही. टोपी डाव्या हातानं घालतो. मंगळवारी आणि शुक्रवारी फिजिओथेरपी असते, त्या प्रत्येक पावतीची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे.