तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला जायचंय? मग असं करा

भुसावळकडून जायचं असेल तर धरणाच्या भिंतीजवळ वेळ घालवू नका, सरळ चांगदेवला या. तिथे तापी-पूर्णेचा संगम आहे, जुनं मंदिर आहे, आणि पुढे पाणी असं पसरलंय की बघतच राहावं! सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात मात्र इकडे यायचं नावच घेऊ नका, धरणाचे ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की नदीचा भरवसा नाही.

आता होडीचं. गावातल्या मासेमारी करणाऱ्या भाऊंशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा, वल्ह्याचीच होडी घ्या, इंजिनाच्या आवाजाने सगळे पक्षी उडून जातात मग बघणार काय. लाईफ जॅकेट आपलं आपण न्यायचं, पोहता येत असलं तरी घालायचं, यात ऐकून घेणार नाही मी. उजाडतानाच निघा, उन्हं चढली की वारा सुटतो न् वल्हवणं जड जातं.

थव्यावर सरळ होडी घालू नका, तिरकं तिरकं जा, पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथंच थांबा. चक्रवाक, पट्टकादंब, तलवार बदक, थापट्या हे सगळे पाणपक्षी लांबून थंडीपुरते येतात हो, फोटोसाठी त्यांना उडवणं बरं नाही. सूर्य पाठीमागे ठेवा, रंग छान दिसतात. भडक कपडे नकोत. काठाला गाळ फार आहे, होडीवाला सांगेल तिथंच उतरा. कळण्याची भाकरी-ठेचा सोबत असू द्या, प्लास्टिक मात्र परत घरी आणा.