पोर्तुगीजमध्ये ‘यू’ लिहिताना या चुका टाळा

इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. समोर धाकटा भाऊ असो, साहेब असो, नाहीतर भरलेलं सभागृह. पोर्तुगीजमध्ये हे चालत नाही, आणि खरं तर मराठी माणसाला त्याचं नवल वाटायला नको. अहो-जाहो कुणाला आणि अरे-तुरे कुणाला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. घोळ होतो तो मध्ये इंग्रजी आणल्यामुळे. मनातल्या ‘तुम्ही’चं ‘यू’ झालं की त्यातला मान तिथेच गळतो आणि भाषांतराचं ॲप अनेकदा ‘वोसे’ देऊन मोकळं होतं.

सगळ्यात जास्त फजिती याच ‘वोसे’वरून होते. मूळ शब्द ‘वोसा मेर्से’, म्हणजे अगदी मानाचं संबोधन. तो झिजून ‘वोसे’ झाला. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत मित्राला, दुकानदाराला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला बिनदिक्कत वोसे म्हणा. पोर्तुगालमध्ये मात्र तोच शब्द तोंडावर ऐकला की अनेकांना, विशेषतः वयस्करांना, खटकतो. तिथे घरच्यांना आणि मित्रांना ‘तू’ (हो, उच्चारही आपलाच), तर परक्याला किंवा वडीलधाऱ्यांना ‘ऊ सिन्योर’, ‘आ सिन्योरा’. नक्की काय म्हणावं कळत नसेल तर लिस्बनकर सर्वनामच गाळतात: ‘केर काफे?’ कॉफी घेणार? नाहीतर नाव घेतात: ‘आ मारिया केर काफे?’ हा प्रश्न मारियाबद्दल नसतो, समोर बसलेल्या मारियालाच असतो. ॲपवर उलटं भाषांतर करून पाहिलंत तर हमखास गोंधळाल.

दुसरी चूक खास आपली. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थीही आणि अनेकवचनीही, म्हणून एकट्या बाईंना ‘वोसेश’ लिहिलं जातं. वोसेश म्हणजे अनेक जण, बस्स. जुन्या व्याकरणातलं ‘तुम्ही’साठीचं ‘वॉश’ही उचलू नका, ते आता प्रार्थनांत आणि उत्तर पोर्तुगालमधल्या काहींच्या बोलण्यात उरलंय.

क्रियापदाचं सोपं आहे. ‘तू’सोबत ‘केरेश’, वोसे आणि सिन्योरसोबत ‘केर’. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुलमध्ये ‘तू केर’ सर्रास ऐकू येईल. ते बोलण्यात ठीक, लिहिण्यात नको.

‘सेउ’ मात्र जपून वापरा. त्याचा अर्थ ‘तुमचा’ही होतो आणि ‘त्याचा’ही. समजा गाडीबद्दल लिहिताय आणि ती तिसऱ्याच माणसाची असेल, तर ‘देल’ म्हणजे ‘त्याचा’ लिहा, म्हणजे भानगड नको.

आणि काही वेळा ‘यू’चा अर्थ कुणीच नसतो. इथे सिगारेट ओढता येत नाही, या पाटीत तुम्ही-आम्ही कुठे येतो? पोर्तुगीजही तसंच म्हणते: ‘नाउं स पोद फुमार आकी’. तिथे वोसे घुसवलंत तर पाटी एकट्या वाचणाऱ्यावरच डाफरल्यासारखी वाटते.

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या जन्मनोंदणीसाठी आजही अनेक घरांतून लिस्बनच्या नोंदणी कार्यालयाकडे पत्रं जातात. त्यांत ना तू, ना वोसे. वर ‘एक्सेलेंतीसिमु सिन्योर’, मजकुरात ‘वोसा एक्सेलेंसिया’, आणि क्रियापद तेच ‘केर’च्या जातीचं, तृतीयपुरुषी. अधिकाऱ्याचं नाव ठाऊक नसलं तरी एवढ्यावर भागतं.