ड्राय सूट घालताना गोव्याच्या सवयी बोटीवरच ठेवा

गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडच्या कोमट पाण्यात डायव्हिंग शिकलेला माणूस आइसलंडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत उतरतो, तेव्हा पाणी असतं 2 ते 4 अंश. ड्राय सूट पाणी बाहेर ठेवतो एवढंच. ऊब मिळते ती आतल्या कपड्यांतून. तिथे सुती बनियन चालत नाही. घामाने ओली झाली की ती गारच राहते. लोकर किंवा फ्लीस घाला.

खरी गडबड हवेची. खाली जाताना सूट अंगाला आवळतो, 10 मीटरवर आतली हवा निम्म्या जागेत मावते. मग घाबरून सुटात हवा भरायचं छातीवरचं बटण दाबून धरलं जातं. ते टिचक्याटिचक्यांनी दाबायचं. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून डाव्या दंडावरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि डावं कोपर उंच धरा.

माझी फजिती एका पूलमध्ये झाली. तळाशी पडलेलं नाणं उचलायला डोकं खाली घातलं आणि सगळी हवा पायांत गेली. पाय फुग्यासारखे वर, एक फिन (पायातलं वल्हं) निसटलेला. हवा सोडायचा व्हॉल्व्ह दंडावर, म्हणजे नेमका खाली; कितीही उघडा, हवा तिकडे येणारच नाही. अशा वेळी गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, सरळ झालं की लगेच हवा सोडायची. उथळ पाण्यात हे आधी दहा वेळा करून बघा. पूलच्या काठावर मात्र सूट चढवून गप्पा मारत बसू नका, आपल्या उन्हात भोवळ येईल.

मनगटातून पाणी येतंय? मूठ आवळून बघा: कंडरा (टेंडन) वर येतात, सीलखाली, म्हणजे मनगटाभोवतीच्या घट्ट रबरी पट्टीखाली, बारीक फट पडते. कॅमेरा घट्ट धरणाऱ्यांचे हात म्हणूनच भिजतात. गळ्यातून येत असेल तर सीलखाली अडकलेले केस शोधा.

आणि खोबरेल! डोक्याला चोपडून लॅटेक्सचा गळा ओढला की रबर हळूहळू खराब होतं. त्याला बिनवासाची टाल्कम पावडर लावा.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद, सूट बॅगेत. ऑगस्टमध्ये माझी बॅग उघडली तर आतल्या अस्तरावर बुरशी आणि गळ्याचं सील वितळलेल्या चॉकलेटसारखं स्वतःलाच चिकटलेलं. आता गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत आतून-बाहेरून सुकवून, पितळी झिपच्या दातांना बाहेरून मेण चोळून झिप उघडीच ठेवतो.