दारं लावली तरी गाडीतला दिवा विझत नाही?

पावसाळा लागला की चिपळूणला माझ्या टपरीवर ही तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात. मी ऑटो वायरमन. गाडी घेऊन येण्याआधी निम्मी तपासणी तुम्हाला घरीच करता येते, म्हणून सांगतो.

आधी दारं लावून गाडीबाहेर उभे राहा आणि मनात तीस आकडे मोजा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत दार लावल्यावर दिवा दहा ते तीस सेकंद मुद्दाम चालू राहतो आणि मग हळूहळू मंद होतो. नाहीतर आत बसा, सगळी दारं लावा आणि चावी फिरवा. दिवा तिथल्या तिथे गेला तर गाडी ठणठणीत आहे. ही वेळ काही गाड्यांत सेटिंगमधून कमी करता येते. गाडीसोबतचं पुस्तक चाळा.

मिनिटानंतरही दिवा तसाच असेल तर त्याचंच बटण बघा. ते तीन जागी सरकतं: कायम चालू, दारावर (दार उघडलं तरच लागतो), बंद. मागे पोरं बसत असतील तर मागचा दिवा आधी बघा.

दिवा दहा-वीस मिनिटांनी आपोआप जात असेल, तर तिथे गाडीने बॅटरी वाचवलेली असते. म्हणजे तिच्या लेखी एखादं दार अजून उघडंच आहे. कोणतं, ते शोधायचं.

जुन्या गाडीत दाराच्या चौकटीवर रबरी टोपीची पिन असते. दिव्याला प्लस कायम मिळत असते. दार उघडलं की पिन बाहेर येते, अर्थ जोडते (म्हणजे मायनससाठी वायर गाडीच्या बॉडीला जोडते) आणि दिवा लागतो. एकेक दार उघडून पिन अंगठ्याने पूर्ण आत दाबा. दिवा गेला तर पिन चांगली आहे, दारच तिला पुरेसं दाबत नाही. टोपी झिजलेली असते किंवा बिजागरी खाली बसलेली असते. नाही गेला तर स्क्रू काढून पिन बाहेर घ्या आणि वायर सुटी करा. आता दिवा गेला तर पिन गंजलीय, नवी टाका. वायर सोडण्याआधी तिला चिकटपट्टी लावून बाहेर अडकवून ठेवा. ती चौकटीच्या आत घसरली की ट्रिम उघडत बसावं लागतं.

नव्या गाड्यांत स्विच दाराच्या कुलपातच असतो. दार उघडं ठेवून कुलपाचा आकडा स्क्रूड्रायव्हरने खटकन बंद करा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. पण दार लावण्याआधी हँडल ओढून तो आकडा परत उघडायचाच. विसरलात तर आकडा चौकटीच्या लोखंडी कडीवर आपटतो आणि वायरिंगपेक्षा मोठं काम निघतं.

आमच्याकडे काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतं, लाल माती कुलपात बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आकडा पंधरा-वीस वेळा उघडझाप करा, मग थोडं पांढरं ग्रीस लावा. पेट्रोलने धुऊ नका.

डिकी हमखास राहून जाते. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा, डिकी लावा आणि नंतर बघा, आतला दिवा गेला की नाही.

सगळे स्विच सुटे करूनही दिवा जळत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. दार आणि चौकट यांच्यामधली रबरी नळी बघा, तिथे वायर रोज वाकते. म्युझिक सिस्टिम बसवताना उंबऱ्याच्या पट्टीतून वायरमध्ये घुसलेला स्क्रूही मी काढलाय. कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे सांभाळणारा गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा, बदलायची गोष्ट त्यानंतरची. तो सल्ला कोणी आधीच दिला तर विचारा, डिकीसकट सगळे स्विच सोडून पाहिले का?

एलईडी टाकल्यावर दिवा मिणमिणत राहत असेल तर जुना बल्ब लावून बघा. जेवढ्या बारीक करंटवर फिलामेंट उजळत नाही, तेवढ्यावर एलईडी उजळते.

पाच वॉटचा साधा बल्ब साधारण 0.4 अँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. छोट्या गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत मान टाकते. दुरुस्ती होईपर्यंत दिव्याचं बटण बंदवर ठेवा, फ्यूज काढू नका. पुष्कळ गाड्यांत घड्याळ आणि रेडिओची मेमरी त्याच फ्यूजवर असते. मात्र नव्या गाडीत दार उघडं दिसत असेल तर दिवा बंद करूनही मॉड्यूल जागं राहून बॅटरी खाऊ शकतं.

काम झाल्यावर गाडी बंद असताना बॅटरीची मायनस तार काढून तार आणि बॅटरीच्या मध्ये मल्टिमीटर लावा, दहा अँपिअरच्या खाचेत. दारं लावून अर्धा तास थांबा. आकडा 50 मिलिअँपिअरच्या आत आला पाहिजे. मीटर जोडलेलं असताना स्टार्टर मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.